खात्यातला माणूस

वर्तमानपत्रात आमच्या ह्यांचा फोटो छापून आला त्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं जन्मात पहिल्यांदा मला वजन बरोबर दिलं. वर दोन लिंबं घातली. मी म्हटलं, "हे काय रे?" तर इकडेतिकडे बघत म्हणतो, "राहू दे वहिनी. साहेबांना सांगा, आपलं सगळं सरळ असतं." मला काही कळेना. जिन्यापाशी पोचले तर बेकरीवाली पेपर घेऊन उभी. आमच्या घराखाली तिची बेकरी, आणि ती माझी जिवाभावाची मैत्रीण. गल्लीतली कुठलीही बातमी आधी तिच्याकडे येते, मग ज्याची आहे त्याच्याकडे जाते.

"अगं, तुझा नवरा गुप्तहेर निघाला की!" ती म्हणाली. "आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस, गधडे!"

झालं होतं असं. ह्यांच्या जुन्या खात्यातल्या कुणा बड्या साहेबानं आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात एक फोटो. मागच्या रांगेत, तिसरे, डोळे मिटलेले, काखेत फाईल, ते आमचे हे. पेपरवाल्यांनी तेवढंच उचललं आणि मोठ्या अक्षरांत छापलं: 'पाहुण्या'चा लेखक खरोखरीचा गुप्तहेर!

'पाहुणा' म्हणजे ह्यांच्या चित्रकथेचा नायक. निवृत्त झाल्यापासून हे दर महिन्याला त्याची एक गोष्ट लिहितात, एक चित्रकार पोरगी ती चौकटी चौकटींत काढते आणि त्याचं मासिक निघतं. हा पाहुणा दर अंकात नव्या गावी कुणाच्या तरी घरी उतरतो आणि तिथला फितूर शोधून काढतो. मुलं उघड वाचतात, मोठी माणसं पेपरात लपवून वाचतात.

आता गुप्तहेरपणाचं खरं सांगते. नोकरी होती तोवर हे मलासुद्धा 'पाणीपुरवठ्याच्या दप्तरात आहे' असंच सांगायचे. निवृत्तीनंतर एकदा चहा पिताना म्हणाले, "अगं, मी त्या खात्यात होतो. पण माझं काम परदेशी वर्तमानपत्रं वाचायचं. कात्रणं कापायची, सारांश लिहायचा, वर पाठवायचा. बाकी काही नाही." एका खोलीत चौघं जण, मधे एक पंखा, आणि कागदाचे गठ्ठे. बंदूक ह्यांनी फक्त चित्रात पाहिली. मी आठवडाभर बोलले नाही. हेर होते म्हणून नाही हो! इतकी वर्षं नळाला पाणी नसलं की मी ह्यांच्यावर डाफरायची, "तुमच्या खात्याला सांगा जरा!" आणि हे मान डोलवायचे. एवढी वर्षं मी भिंतीशी भांडले, याचा राग.

तर पहिला आठवडा मजेत गेला. पोरं जिन्यात सलाम ठोकायची. नळ दुरुस्त करणारा आला तो काम संपल्यावर हळूच म्हणाला, "भिंतीत काही तारा वगैरे असतील तर सांगा, हात लावत नाही." एका बाईंनी हरवलेल्या मांजरीचं वर्णन आणून दिलं. मासिकाचा संपादक तर आनंदानं वेडा व्हायचा राहिला होता. अंक संपले, पुन्हा छापले, तेही संपले. मग त्यानं मागच्या वर्षीच्या गोष्टी नव्यानं काढल्या आणि मुखपृष्ठावर छापलं, 'कल्पना की सत्य?' त्या एका प्रश्नचिन्हानं आमच्या गल्लीला आग लावली.

त्यात एक गोष्ट होती 'चौकातला माणूस'. त्या गोष्टीतला फितूर शिंपी आहे. दुकानाबाहेर टांगलेल्या सदऱ्यांच्या रंगांवरून तो पोलिसांना खुणा करतो आणि बाटल्यांच्या कारखान्यातल्या संपकरी कामगारांची नावं फोडतो. हा शिंपी चित्रात अगदी आमच्या समोरच्या शिंप्यासारखा दिसायचा. मान डावीकडे कललेली, गळ्यात टेप, उजव्या कानावर पेन्सिल, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्याची बायकोसुद्धा होती, उंबऱ्यावर बसून काज-बटणं करणारी, कानानं जड.

दिसायचाच! कारण ह्यांना माणूस मनानं रचता येत नाही. खात्यानं सवयच तशी लावलेली की डोळ्यांनी पाहिलं नाही ते कागदावर आणायचं नाही. नवं पात्र लागलं की हे टेबलाशी बसतात, खिडकीतून जो दिसेल त्याला धरतात आणि चित्रकार पोरीला त्याच्या गुंडीपर्यंत वर्णन कळवतात. टेबलासमोर खिडकी, खिडकीसमोर शिंप्याचं दुकान. एका गोष्टीत मी पण आहे, विष घालणारी स्वयंपाकीण म्हणून. त्यावरून आमचं काय रण माजलं होतं ते जाऊ दे.

आणि गंमत अशी की पहिल्यांदा ही गोष्ट छापून आली तेव्हा त्या शिंप्याला कोण आनंद! त्यानं ते पान फाडून दुकानात आरशाशेजारी चिकटवलं होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता दाखवायचा, "हे बघा, आम्ही छापून आलो." गल्ली हसली आणि विसरली. तेव्हा लिहिणारा एक निवृत्त कारकून होता. आता लिहिणारा गुप्तहेर झाला, आणि तेच पान लोक पुन्हा वाचायला लागले.

आता संपाचं सांगायला हवं. ती गोष्ट ह्यांनी हवेतून आणलेली नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला बाटल्यांचा कारखाना होता. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे मोठा संप झाला. एका पहाटे पोलिसांच्या गाड्या आल्या आणि गल्लीतली नऊ माणसं अंथरुणातून उचलून नेली. बरोबर पुढारी तेवढेच. एक जण त्या दिवशी मावशीकडे झोपायला गेला होता, तर त्याला मावशीकडून नेलं. त्यातला एक बेकरीवालीचा धाकटा भाऊ. वर्षानं सुटून आला तेव्हा मूत्रपिंडं निकामी झाली होती. सहा-सात महिने बेकरीच्या मागच्या खोलीत झिजला आणि गेला. नावं कुणी दिली ते कधीच कळलं नाही. गल्लीत जो तो ज्याच्या त्याच्याकडे संशयानं बघत राहिला. आणि आमचा शिंपी या गल्लीत दुकान घेऊन आला होता तो त्याच संपाच्या जरा आधी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

बेकरीवालीचा भाचा, म्हणजे त्या गेलेल्या भावाचाच मुलगा, आता तिशीचा आहे. विजेची कामं करतो. बाप गेला तेव्हा शाळेत होता. त्यानं तो पुन्हा छापलेला अंक वाचला आणि संध्याकाळी ह्यांना जिन्यातच गाठलं. मी वर दारात उभी होते. मी स्वतः ऐकलं.

"काका, एकच विचारतो," तो म्हणाला. "गोष्टीतला शिंपी तो समोरचाच ना?"

सरळ प्रश्न होता. 'चेहरा त्याचा घेतला, बाकी सगळं माझ्या डोक्यातलं,' असं म्हटलं असतं की मिटलं. पण आमचे हे! निवृत्तीच्या दिवशी कुठल्याशा कागदावर सही केलेली, की कामाबद्दल कुणी काही विचारलं तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. ती सही ह्यांच्या हाडात मुरलेली. भाच्याचा चेहरा बघून हे बावचळले आणि तोंडातून तेच पाठ केलेलं वाक्य बाहेर पडलं.

"याबद्दल मी काही बोलू शकत नाही."

भाचा म्हणाला, "समजलो," आणि जिना उतरून गेला.

मी ह्यांना आत ओढलं. "अहो, काय बोललात तुम्ही? कळतंय का काय बोललात?"

"सवय गं," हे म्हणाले. तोंड पांढरं पडलं होतं. "तोंडातून गेलं."

"मग जा आणि परत घ्या!"

गेलेसुद्धा. पण तोवर भाचा बेकरीत पोचला होता, आणि बेकरीत पोचलेली गोष्ट कुणाला परत घेता आलीय का कधी?

दुसऱ्या दिवसापासून शिंप्याच्या दुकानाला अवकळा आली. लोक आले ते कापड परत मागायला. कुणाची पँट बेतलेली, कुणाच्या शर्टाला एक बाही लागलेली, तसंच गुंडाळून नेलं. तो बिचारा विचारतोय, "काही चुकलं का? उसवून देतो," आणि कोणी तोंड उघडून सांगेना. तिसऱ्या दिवशी सकाळी शटरवर डांबरानं लिहिलेलं होतं: खबऱ्या. त्याची बायको रॉकेलच्या बोळ्यानं ते पुसत होती आणि अक्षरं आणखी पसरत होती. मी खिडकीतून पाहिलं.

दुपारी शिंपी आमच्याकडे आला. गळ्यात टेप तशीच. बसा म्हटलं तर बसला नाही.

"साहेब, ते पान मी भिंतीवरून काढलं," तो म्हणाला. "मूर्खपणा केला लावून. पण तुम्ही एकदा खाली येऊन सांगा की हो. तुमचा शब्द लोक ऐकतील."

हे लगेच उठले, पायात चपला घालायचंही भान नव्हतं. बेकरीसमोर दहा-पंधरा माणसं होती. हे मधोमध उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा खात्याबद्दल उघड बोलले. म्हणाले, मी हेर नव्हतो, मी कात्रणं कापायचो. या अंगठ्याला घट्टा आहे बघा, कात्रीचा. संपाशी माझा काडीचा संबंध नाही. शिंप्याचा फक्त चेहरा घेतला, खिडकीतून दिसतो म्हणून. कळवळून सांगत होते. मला वाटलं, चला, सुटलो.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भाजीवाला आदरानं म्हणाला, "बरोबर आहे साहेब. तुम्हाला असंच सांगावं लागत असणार."

"अरे, पण हेच खरं आहे!"

"हो हो," तो म्हणाला, आणि शेजारच्याला डोळा घातला.

पालथ्या घड्यावर पाणी. जितकं नाही म्हणावं तितकं ते हो ऐकू जाई. घट्टा दाखवला तर तो म्हणे पिस्तुलाचा. ह्यांनी संपादकाला हातापाया पडून अंकात सूचना छापायला लावली, की सर्व पात्रं काल्पनिक आहेत. त्यानं छापली. लोक म्हणाले, बघा, वरून दबाव आला. संपादक फोनवर हसून म्हणतो, "काका, काळजी नको, हाही अंक संपला." मी फोन हिसकावून त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी स्वतः बेकरीवालीकडे गेले. भट्टीपाशी बसलेली, हात पिठाचे. म्हटलं, "अगं, तू तरी डोकं ठिकाणावर ठेव. भाच्याला आवर."

"गोष्टीत नऊच माणसं कशी?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "एक जण मावशीकडे झोपला होता, हे तुझ्या नवऱ्याला कुठून कळलं?"

"तूच सांगितलंस मला! आणि मी घरी सांगितलं. नवऱ्याला सांगणार नाही तर कुणाला सांगणार?"

"मला नाही आठवत." तिनं हात झटकले. "माझा भाऊ त्या खोलीत कसा मेला ते मात्र आठवतं. इतकी वर्षं मी देवाला म्हणत होते, एकदा कळू दे कोण होता. आता कळलं, तर तू म्हणतेस विसर?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर मी काही बोलले असते.

बुधवारी दगड पडला. शिंप्याची बायको उंबऱ्यात बसली होती, कानानं जड, तिला मागून कोण आलं ते ऐकूच आलं नाही. दगड हातावर बसला. सुई धरायच्या हाताची दोन बोटं चेचली. मी जिना कशी उतरले मला माहीत नाही. डॉक्टरकडे मीच नेलं. टाके घालताना ती ओरडली नाही, सारखी माझ्याकडे बघून विचारत होती, "कुणी मारलं? का मारलं?" आणि मोठ्यानं सांगायची सोय नव्हती, कारण दवाखान्यातली सगळी माणसं आमच्याकडेच बघत होती.

त्याच संध्याकाळी कळलं की रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये गल्लीची बैठक आहे. शिंप्याला दुकान आणि मागची खोली सोडायला सांगायचं. जागेचा मालक तयारच होता, त्याला काय! शिंप्याला साठी उलटलेली, बायकोचा हात असा, जाणार कुठे? आणि नुसतं जाण्यावरही भागणार नव्हतं. भाचा चहाच्या टपरीवर चारचौघांसमोर बोलला होता, "तो इथून आपल्या पायांनी जाणार नाही." त्याच्या तीन मित्रांनी मान हलवली होती. ते पोरगं थट्टेतलं नाही. बापाची चप्पल अजून घरात ठेवणारं पोरगं ते.

पोलिसात जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, पोलीस आले की गल्ली म्हणेल, बघा, आपला माणूस वाचवायला आले. खरंच होतं ते. सगळीकडून कोंडी. हे दोन दिवस जेवले नाहीत की झोपले नाहीत. खिडकी बंद करून भिंतीकडे तोंड करून बसायचे.

शनिवारी जेवायला मात्र बसले. मला बरं वाटलं. जेवता जेवता म्हणाले, "अगं, ती नऊ माणसं कोण कोण होती गं? कुठल्या घरातली?"

मी म्हटलं, "आता कशाला?"

"उद्या बैठकीत बोलायचं तर नीट माहिती हवी."

आमच्या ह्यांना नावं लक्षात राहत नाहीत. खात्यात परदेशी पंतप्रधानांची तोंडपाठ, पण शेजाऱ्याचं नाव विचारा, भिंतीकडे बघतील. इतकी वर्षं या गल्लीत राहून त्यांना माणसं कळतात ती भाजीवाला, शिंपी, बेकरीवाली अशीच. गाड्या आल्या त्या पहाटेसुद्धा हे खिडकीत उभे राहून थरथरत मला विचारत होते, "कुणाला नेतायत? हा कोण?" म्हणून मला वाटलं, शिंप्याची बाजू मांडायची तर नेलेल्यांची नावं तरी चुकू नयेत. मी सांगितली. कोण कुठल्या मजल्यावर, कोणाला कोणत्या दारातून बाहेर काढलं, कोणाच्या अंगावर बनियन होता. हे एकेक नाव पुन्हा पुन्हा म्हणून घेत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे. मी आणखी भात वाढला. कपाळ माझं, मला काही म्हणजे काही कळलं नाही.

रविवारी हॉल गच्च भरला होता. शिंपी आणि त्याची बायको पुढच्या बाकावर, आजूबाजूची जागा सोडून. तिचा पट्टी बांधलेला हात मांडीवर. भाचा दाराशी, मित्रांना घेऊन. दाराची कडी त्यानं आतून घातली ते मी पाहिलं. बेकरीवाली मधल्या रांगेत, काळी शाल घेऊन ताठ बसलेली. जागेच्या मालकानं घसा खाकरून काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे उठले.

"शिंप्यानं नावं दिली नाहीत," हे म्हणाले.

"ते आम्ही ऐकलंय, साहेब," कुणीतरी मागून म्हणालं. थोडं हसू झालं.

"नाही, तुम्ही ऐकलं नाहीत. मी कात्रणं कापायचो हे खोटं सांगितलं. नावं मी दिली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी इथेच राहत होतो," हे पुढे बोलत राहिले, सारांश वाचून दाखवावा तसे, खालच्या आवाजात. "समोर खिडकी होती. कोण कोणाकडे जातं, रात्री कुणाचा दिवा जळतो, मला सगळं दिसायचं. मला तेच काम होतं. शिंपी तेव्हा नवीन आला होता, त्याला इथलं कुत्रंही ओळखत नव्हतं. मी गोष्टीत त्याचं तोंड घातलं, कारण स्वतःचं घालता येईना."

आणि लोकांनी विश्वास ठेवला! डोळ्यांदेखत ठेवला. इतके दिवस खरं सांगून सांगून ह्यांचा घसा बसला तेव्हा कुणाला पटलं नाही, आणि हे धडधडीत खोटं एका दमात उतरलं सगळ्यांच्या गळ्याखाली. का नाही उतरणार? त्यांना गुप्तहेर हवा होता, तो मिळाला. मी उठून ओरडणार होते, 'अहो, वेड लागलं का तुम्हाला!' पण ओरडले तर पुन्हा शिंप्याची मान पुढे. मी बसूनच राहिले.

भाचा माणसं बाजूला करत पुढे आला. ह्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मुठी आवळलेल्या, पण हात उठेना. शिंप्यावर दगड टाकणं सोपं होतं, त्याच्यामागे कोण होतं? ह्यांच्यामागे खातं होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं, आणि खातं तर कधी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. ह्यांनी तेवढाच हिशेब केला होता. त्या भित्र्या, कागद कापणाऱ्या माणसानं तेवढा एक डाव बरोबर मांडला होता.

"थांब रे," बेकरीवाली म्हणाली. ती उभी राहिली. "भाऊजी, तुम्हाला आमची नावं कधी लक्षात राहत नाहीत. मला इतक्या वर्षांत तुम्ही नावानं हाक मारली नाहीत. सांगा बरं नऊ नावं."

आता पकडले जाणार, वाटलं. आणि खरं सांगते, अर्ध्या मनाला वाटलं, जाऊ देत पकडले.

ह्यांनी सांगितली. एकामागून एक. मजला, दार, बनियन. मावशीच्या घराचा पत्ता. सगळ्यांत शेवटी बेकरीवालीच्या भावाचं नाव घेतलं, आणि तो जिन्याखालच्या खोलीत झोपला होता हेसुद्धा. हॉलमध्ये एक बाई रडायला लागली. आणि माझ्या लक्षात आलं की हे काल रात्री माझ्याकडून जेवताना काय घेऊन गेले. माझ्याच ताटावर बसून माझ्याच तोंडून वदवून घेतलं, आणि मी वर भात वाढत होते.

बेकरीवालीनं ह्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. तिनं मान वळवली आणि मला शोधलं. लोक आपोआप बाजूला झाले. तिच्या-माझ्यात फक्त रिकाम्या खुर्च्या उरल्या.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की ह्यांनी सगळा विचार केला होता, पण मला कुणी विचारेल हा विचार केला नव्हता. बावळट माणूस. मी 'नाही' म्हटलं असतं तर एकटी सुटले असते. पण ती मला ओळखते. माझ्या पोटात काही राहत नाही हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. खिडकीत बसून हेरगिरी करणाऱ्या नवऱ्याचं मला माहीत नव्हतं हे तिला पटलं नसतं, आणि एक धागा सुटला की सगळं उसवलं असतं. पुढच्या बाकावरून शिंप्याची बायको मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होती. तो पट्टीचा हात तिनं दुसऱ्या हातात धरला होता.

"हो," मी म्हटलं.

"तो मागच्या खोलीत पडून होता. तू रोज यायचीस, त्याला चमच्यानं पाणी पाजायचीस. तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

तिनं मला मारलं नाही. शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी गेले असते. ती नुसतं "बरं," म्हणाली, शाल सारखी केली, भाच्याच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन दाराकडे गेली. त्यानं कडी काढली. हळूहळू लोक त्यांच्या मागून बाहेर पडू लागले. जाता जाता दोघा-तिघांनी शिंप्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी म्हणालं, उद्या कापड घेऊन येतो.

शिंपी उठला. तो रडत होता. त्याच्या बायकोनं त्याची बाही ओढली आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "ती काय म्हणाली?"

तो तिच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "वहिनींना पहिल्यापासून सगळं माहीत होतं म्हणे!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. दोघं एकमेकांना धरून आमच्या समोरून बाहेर गेली.